भाग २३ : मार्मलेड मागणारा शास्त्रज्ञ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.)

रात्री हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना आधीच सांगतो, आज भूत नाही. दार करकरणार नाही, मागून कुणी हात ठेवणार नाही. आज आहे तो एक अतिशय सभ्य, नीटनेटका, सुंदर बोलणारा माणूस. आणि माझ्या मते आपण आजवर इथे ज्यांच्याबद्दल बोललो, त्या सगळ्यांत तोच जास्त भीतीदायक आहे.

सिनेमा आहे ‘द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन’. १९५७, ब्रिटिश, हॅमर फिल्म्सचा. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँगस्टरची, फ्रँकेनस्टाइन झालाय पीटर कुशिंग आणि त्याने बनवलेला प्राणी झालाय क्रिस्टोफर ली. हो, तोच ली, आपल्या पिढीचा सारुमान. आणि कुशिंगला तुम्ही पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पाहिलंय, ग्रँड मॉफ टार्किन म्हणून. एक अख्खा ग्रह उडवायचा हुकूम देतो आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. ती सवय त्याला वीस वर्षं आधीपासूनच होती असं म्हणू या.

मी हा सिनेमा दोनदा पाहिला. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, चार जण एका लॅपटॉपला चिकटून. आम्ही हसत होतो. रक्त म्हणजे अगदी टोमॅटो सॉसच्या रंगाचं, प्रयोगशाळेत रंगीबेरंगी पाणी उकळतंय, मित्र म्हणाला, आपल्या केमिस्ट्रीच्या लॅबचं बजेट याहून कमी असेल. दुसऱ्यांदा पाहिला गेल्या वर्षी, एकट्याने, फोनवर, नोकरी सोडल्यानंतरच्या आठवड्यात. तेव्हा हसू आलं नाही. का, ते येईलच पुढे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्या रक्ताच्या रंगालाही कारण आहे.

मेरी शेलीची कादंबरी १८१८ची. लिहायला घेतली तेव्हा बाई अठरा वर्षांची होती, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं, म्हणजे आपण अठराव्या वर्षी काय करत होतो त्याची आठवण राहते. पण फ्रँकेनस्टाइन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, चपटं डोकं, मानेला बोल्ट, ते कादंबरीतलं नाहीच. ते १९३१च्या अमेरिकन सिनेमातलं, युनिव्हर्सल स्टुडिओचं. बोरिस कार्लॉफचा चेहरा आणि जॅक पिअर्सचा मेकअप. आणि त्या मेकअपवर युनिव्हर्सलचा हक्क होता. हॅमर ही छोटी ब्रिटिश कंपनी. थेम्स नदीकाठी ब्रे गावाजवळच्या एका जुन्या बंगल्यात त्यांचा स्टुडिओ, त्याच त्या खोल्या सजावट बदलून पुन्हा पुन्हा वापरायच्या. सिनेमाचं एकूण बजेट सुमारे ६५,००० पौंड. युनिव्हर्सलने बजावलं होतं, आमच्या चेहऱ्याशी साम्य दिसलं तर कोर्टात भेटू.

म्हणजे गंमत बघा. मूळ कादंबरी कुणीही वापरावी, ती जुनी झालेली. पण तिचा सगळ्यांना माहीत असलेला चेहरा मात्र वापरता येत नाही. मग फिल लीकी या मेकअपवाल्याने लीच्या चेहऱ्यावर थेट काम करून एक वेगळंच काहीतरी उभं केलं. पांढुरकी, शिवलेली, जागोजागी फाटल्यासारखी कातडी, एक डोळा गेलेला. अपघातातून उचलून आणलेल्या माणसासारखं. राक्षस नाहीच वाटत तो. पेशंट वाटतो.

आणि सिनेमा रंगीत केला. हॅमरचा हा पहिला रंगीत भयपट. जॅक ॲशरचा कॅमेरा. लोकांनी आतापर्यंत फ्रँकेनस्टाइन पाहिला होता काळ्या-पांढऱ्यात, आणि काळ्या-पांढऱ्यात रक्त म्हणजे फक्त एक डाग. इथे ते लाल झालं. लंडनच्या बऱ्याच समीक्षकांना किळस आली, त्यांनी तसं लिहिलंही, आणि पब्लिकने रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी त्याच टीमने ‘ड्रॅक्युला’ केला आणि मग हॅमरने पुढची पंधराएक वर्षं हाच धंदा केला. आपल्याकडचे रामसे बंधू, तो वाडा, ते धुकं, तो लाल-निळा उजेड, या सगळ्यात हॅमर दिसतो. पण रामसेंवर एक वेगळा भाग करायचाय, तिथेच बोलू.

तर चेहरा वापरता येत नाही, या अडचणीतून या लोकांनी एक मोठी गोष्ट केली. ती मुद्दाम केली की आपोआप झाली, माहीत नाही. राक्षस बाजूला सरकला आणि शास्त्रज्ञ मधोमध आला. लीला अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही. पडद्यावरही तो फार वेळ नाही. पूर्ण सिनेमा कुशिंगचा आहे.

आता गोष्ट. साठ-सत्तर वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉइलर वॉर्निंग देणार नाही.

सुरुवात तुरुंगात. बॅरन व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनला मृत्युदंड झालाय, तो धर्मगुरूला बोलावून आपली हकिकत सांगतो. लहानपणी आई गेली, घराणं श्रीमंत, पोरगा तल्लख. तो स्वतःसाठी शिक्षक नेमतो, पॉल क्रेम्प. दोन वर्षांत शिक्षकाकडचं सगळं शिकून संपतं आणि मग दोघं भागीदार होतात. वर्षानुवर्षं काम. आणि एक दिवस ते मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला जिवंत करतात.

हा सीन फार चांगला आहे. पॉल त्या पिल्लाला हातात घेतो आणि दोघं लहान मुलांसारखे खूश होतात. तुम्ही कधी आयुष्यात एखादी गोष्ट पहिल्यांदा चालू होताना पाहिली असेल, तर तो आनंद तुम्हाला माहीत असेल. रात्री अडीच वाजता सगळ्या टेस्ट हिरव्या होतात, बाजूचा सहकारी ओरडतो, दोघं उठून चहा करायला जातात. तेच.

आणि लगेच फाटा फुटतो. पॉलचं म्हणणं, आता हे जगाला सांगू या. ऑपरेशन करताना शरीर थांबवून ठेवता आलं तर किती माणसं वाचतील. व्हिक्टर म्हणतो, एवढ्यावर थांबायचं? हे तर फक्त दार उघडलंय. आपण माणूस बनवू, पहिल्यापासून.

पॉलला हे पटत नाही. पण जातो सोबत. रस्त्याकडेला फाशी देऊन लटकवलेल्या दरोडेखोराचं प्रेत दोघं रात्री जाऊन उतरवून आणतात. पक्ष्यांनी डोकं खाल्लेलं, म्हणून व्हिक्टर ते कापतो, ॲसिडच्या टाकीत टाकतो, आणि रक्ताळलेला हात स्वतःच्या कोटाला पुसतो. उंची कोट, आणि हात असा पुसतो जसा आपण गाडीचं ऑइल फडक्याला पुसू. कुशिंगच्या अभिनयातली ही जागा मला सगळ्यात आवडते. तो वेडा नाही. डोळे गरगरा फिरवत नाही, खदाखदा हसत नाही. तो कामात आहे.

मग सुटे भाग गोळा करणं. हात एका मेलेल्या शिल्पकाराचे, कारण हात उत्तम हवेत. डोळे मुर्दाघरातून पैसे मोजून. मेंदू मात्र विद्वानाचा हवा. तर हा माणूस प्रोफेसर बर्नस्टाइन नावाच्या एका वृद्ध, प्रेमळ, नावाजलेल्या शास्त्रज्ञाला घरी जेवायला बोलावतो. छान गप्पा होतात. रात्री वर जाताना व्हिक्टर म्हणतो, हे चित्र बघा ना, जरा मागे सरकून बघा म्हणजे नीट दिसेल. म्हातारा मागे सरकतो आणि व्हिक्टर त्याला कठड्यावरून खाली ढकलतो. नंतर आपल्याच घराण्याच्या दफनघरात त्याला सन्मानाने जागा देतो. मेंदू काढायला सोयीचं पडावं म्हणून.

तिथे पॉल पोचतो. झटापट होते, मेंदूची बरणी भिंतीवर आपटून फुटते, काचा आत घुसतात. व्हिक्टर काय करतो? काचा वेचून काढतो आणि तोच मेंदू वापरतो. जो कुणी शुक्रवारी संध्याकाळी तुटलेला कोड ‘चालतंय ना सध्या’ म्हणून पुढे ढकलतो, त्याने हा सीन अवश्य बघावा. आणि पुढे जेव्हा तो प्राणी बिथरलेला निघतो, तेव्हा व्हिक्टर दोष कुणाला देतो? पॉलला. तू बरणी फोडलीस म्हणून. माझ्या डिझाइनमध्ये काही चूक नव्हती.

इथे थांबतो थोडा. मला आज व्हिक्टरबद्दल बोलायचं नाहीये खरं तर. व्हिक्टर सोपा आहे. आपल्यापैकी कुणी व्हिक्टर नसतो, एवढी हिंमत नसते आपल्यात. मला बोलायचंय पॉलबद्दल.

रॉबर्ट अर्कहार्ट या नटाने केलाय पॉल. समीक्षणांत त्याच्यावर फार कुणी लिहीत नाही. तो सिनेमातला सज्जन माणूस, एवढंच. पण सज्जनपणाचं गणित मांडून बघा. प्रेत उतरवताना तो तिथे आहे. मग म्हणतो, मी यापुढे मदत करणार नाही. पण घर सोडत नाही. कारण व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ तिथे राहायला आलीय आणि तिला वाचवायचंय. कशापासून वाचवायचंय, ते तिला सांगत नाही. नुसतं म्हणत राहतो, तू इथून जा, हे घर चांगलं नाही. ती विचारते, का? तो उत्तर गिळतो. प्रोफेसर पडून मेला, पॉलला संशय आहे. पोलिसांकडे जात नाही. तो प्राणी पळून जंगलात जातो, एका आंधळ्या म्हाताऱ्याला मारतो. पॉल बंदूक घेऊन निघतो, प्राण्याच्या डोळ्यात गोळी घालतो, दोघं मिळून पुरतात, आणि पॉल म्हणतो, बरं झालं, संपलं. मग घर सोडून जातो. आता काही गरज नाही म्हणून.

आणि तो गेल्यावर व्हिक्टर ते प्रेत पुन्हा उकरून आणतो.

प्रत्येक ठिकाणी पॉल बरोबर बोललाय. एकही वाक्य चुकीचं नाही त्याचं. आणि प्रत्येक ठिकाणी तो फक्त व्हिक्टरशीच बोललाय. बंद खोलीत.

आता तो नाश्त्याचा सीन. घरात जस्टिन नावाची मोलकरीण आहे, व्हिक्टरने तिला लग्नाची आशा दाखवून ठेवलीय. ती गरोदर आहे. लग्न कर नाहीतर सगळ्यांना सांगेन, तुझ्या प्रयोगशाळेत काय चालतं ते, असं धमकावते. तो हसतो, पुरावा काय म्हणतो. रात्री ती पुरावा शोधायला प्रयोगशाळेत शिरते. आत तो प्राणी. व्हिक्टर बाहेरून दार लावून घेतो आणि दाराशी उभा राहून ऐकतो. तिची किंकाळी. कट. सकाळ. स्वच्छ ऊन, पांढरा टेबलक्लॉथ, व्हिक्टर एलिझाबेथसोबत नाश्ता करतोय आणि मार्मलेडची बरणी मागतोय.

थिएटरात इथे लोक हसतात म्हणे. होस्टेलवर आम्हीही हसलो होतो, आणि नंतर मेसमध्ये जॅम मागताना ती नक्कल बरेच दिवस चालली. सिनेमात रक्त दाखवायचा धीटपणा होता, पण जस्टिनच्या मृत्यूत आपल्याला रक्त दिसतच नाही. दिसते ती बरणी.

दुसऱ्यांदा पाहताना मी इथे व्हिडिओ थांबवला.

आता माझं सांगतो. माझी आधीची नोकरी होती कर्ज देणारं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत. नाव घेणार नाही. छोटी कर्जं, पाच हजार, आठ हजार, दहा मिनिटांत खात्यात. माझ्याकडे एक टिकट आलं. ॲप टाकल्यावर फोनमधले कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागायची आणि सगळी यादी सर्व्हरवर पाठवायची. मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, ही माझी नोंद आहे, मी विचारलं होतं, की अख्खी यादी कशाला? उत्तर मिळालं, फ्रॉड रोखायला, स्कोअरिंगला. मी म्हटलं, ओके. आणि तो मॉड्यूल मी छान लिहिला. नेटवर्क गेलं तर पुन्हा प्रयत्न करणारा, बॅटरी न खाणारा. पाच हजार कॉन्टॅक्ट असले तरी फोन अडकायचा नाही. कौतुक झालं माझं.

सात-आठ महिन्यांनी नाशिकला मामाकडे गेलो होतो. सकाळी पोहे खात होतो आणि मामी सांगत होती, अरे, मला परवा कुणाचा तरी फोन आला, इतकं घाण बोलला तो माणूस. तिच्या शाळेतल्या एका शिपायाच्या मुलाने कुठल्याशा ॲपवरून सहा हजार घेतले होते, थकले होते, आणि वसुलीवाला त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरला फोन करून सांगत होता की हा चोर आहे. मामीचा नंबर त्या यादीत होता. पोरगा म्हणे चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. शिपाईमामांनी तर शाळेत येणंच बंद केलं होतं. मामीने ॲपचं नाव सांगितलं.

आमचंच होतं.

मामी म्हणाली, कोण बनवतं रे हे असलं? मी म्हणालो, मामी, थोडी शेव दे ना.

एवढंच म्हणालो मी.

त्यानंतर मी कंपनीत बोललो. खरंच बोललो, मॅनेजरशी, बंद खोलीत. तो म्हणाला, वसुली बाहेरची एजन्सी करते, आपला संबंध नाही. मी म्हटलं, पण नंबर आपण देतो. तो म्हणाला, युजरने परवानगी दिलीय. मग मी अजून चार महिने तिथे राहिलो, बोनसची तारीख जवळ होती म्हणून. मग सोडली. सोडताना मेलमध्ये लिहिलं, वैयक्तिक कारण.

मामी पॉडकास्ट ऐकत नाही. मामेबहीण ऐकते. तर हे आता घरी पोचेलच.

असो. सिनेमाकडे येऊ, शेवट राहिलाय, आणि शेवट भारी आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी पॉल परत येतो. व्हिक्टर त्याला हौसेने वर नेतो आणि साखळीने बांधलेला प्राणी दाखवतो. चक्क डेमो देतो. उभा राहा, तो उभा राहतो. ये, तो येतो. बस, बसतो. जगातला सर्वश्रेष्ठ माणूस बनवायला निघाला होता, शिल्पकाराचे हात, विद्वानाचा मेंदू, आणि हाती काय आलं तर हुकमावर उठबस करणारा एक घाबरलेला जीव. आणि व्हिक्टरच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान. ली तिथे काहीही न बोलता, फक्त हळू आणि अडखळत हलून, तुम्हाला त्या प्राण्याची दया यायला लावतो. हे फोनच्या छोट्या स्क्रीनवरही पोचतं.

आता कुठे पॉल म्हणतो, मी अधिकाऱ्यांना सांगायला जातो. तोवर तो प्राणी सुटून छतावर, एलिझाबेथही तिथे. व्हिक्टर गोळी झाडतो, लागते तिला. मग जळता दिवा फेकून मारतो, प्राणी पेटतो, काचेच्या छतातून खाली, थेट त्या ॲसिडच्या टाकीत. काही उरत नाही. हाड नाही, केस नाही. एलिझाबेथ वाचते. पण व्हिक्टरचं आयुष्यभराचं काम आणि त्याच्या बचावाचा एकमेव पुरावा दोन्ही विरघळलं.

म्हणून तो तुरुंगात आहे. जस्टिनच्या खुनासाठी. तो धर्मगुरूला ओरडून सांगतोय, मी नाही, त्या प्राण्याने मारलं. कुणाला खरं वाटणार? एकच साक्षीदार आहे, पॉल. पॉल भेटायला येतो. व्हिक्टर त्याच्यापुढे अक्षरशः गयावया करतो, सांग यांना, तू पाहिलंयस. आणि पॉल काही सांगत नाही. बाहेर एलिझाबेथ थांबलीय, तिला म्हणतो, आता त्याच्यासाठी काही करता येणार नाही. दोघं निघून जातात. व्हिक्टरला बाहेर नेतात. शेवटचं दृश्य गिलोटीनचं.

या शेवटाचे दोन अर्थ लावतात लोक. एक, प्राणी नव्हताच, व्हिक्टर वेडा, सगळं त्याच्या डोक्यातलं. याला आधारही आहे, कारण गोष्ट तो सांगतोय आणि जंगलातल्या आंधळ्या म्हाताऱ्याजवळ व्हिक्टर हजर नव्हता, मग ते त्याला कसं माहीत? पण मला हा अर्थ पटत नाही. तो सिनेमाला फार स्वस्तात सोडतो. आणि मग पॉलचा तो चेहरा कशासाठी दाखवला, तेही कळत नाही.

मला वाटतं प्राणी होता आणि पॉल गप्प राहिला. लोक याला न्याय म्हणतात, की त्याने नराधमाला मरू दिलं. असेलही. पण तो जर बोलला असता, तर पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? आणि प्रेत उतरवायला दोर कुणी धरला होता?

गिलोटीन व्हिक्टरवर पडतं. पॉल घरी जातो.

बघायचा असेल तर दीड तासाच्या आतला सिनेमा आहे. पहिली वीस मिनिटं संथ वाटतील, धीर धरा. ब्राइटनेस वाढवून बघा, ॲशरच्या रंगांसाठी. मित्रांसोबत बघितलात तर हसाल, ते ठीक आहे, हसायलाच हवं.

पुढच्या भागात याचा १९५८चा सिक्वेल, ‘द रिव्हेंज ऑफ फ्रँकेनस्टाइन’. तुम्ही म्हणाल, डोकं उडालं ना त्याचं? नाही उडालं. तो धर्मगुरू आठवतोय, ज्याने बसून सगळी हकिकत ऐकली होती? त्याला जपा म्हणजे झालं. भेटू.